मुकटीच्या अलीकडे निखळलेलं चाक

सांगलीहून रावेरपर्यंत जीप मी स्वतः चालवत नेली, असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या यजमानांकडे. यजमान हसून म्हणतात, "आमच्या घरात गाडीचं खातं तिच्याकडे." ते खरंच आहे. आमची जीप वीस वर्षांची, सरकारी लिलावातून घेतलेली. तिचा क्लच, तिचे ब्रेक आणि थंडीत सुरू व्हायला ती करते ते नखरे, हे सगळं मला जितकं माहीत आहे तितकं घरात कुणालाच नाही. मी कन्याशाळेत गणित शिकवते. हिशेब लागला नाही की मला चैन पडत नाही, आणि यंत्र म्हणजे हिशेबच.

नाताळच्या सुट्टीत ऊसतोड चालू असल्यामुळे यजमानांना हलता येईना. तेव्हा मी आणि माझ्या थोरल्या नणंद, कमलवन्सं, अशा दोघीच निघालो. वन्सं अठ्ठावन्न वर्षांच्या. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. रावेरला त्यांची नोकरीच्या काळातली मैत्रीण, दोंडाईच्याला माझ्या यजमानांचे मामा, आणि मधे पाहावं ते पाहायचं, एवढाच बेत होता.

रावेर

आम्ही उसाच्या मुलखातली माणसं. उंच पिकाच्या भिंतींमधून गाडी नेण्याची सवय आहे. पण केळीच्या बागेतला उजेड वेगळाच. उसात शिरलं की पानं अंग कापतात. केळीत शिरलं की एकदम गार वाटतं आणि आवाज दबतो. मैत्रिणीच्या दिरांनी आम्हाला बाग दाखवली. घड उतरवणाऱ्या माणसाने कोयत्याच्या एका घावात घड खांद्यावर घेतला आणि पानाच्या गादीवर असा ठेवला, की वन्सं म्हणाल्या, "बाळंतिणीच्या खोलीत सुद्धा मूल इतकं हळू ठेवत नाहीत."

रविवार होता. सकाळी टीव्हीवरची मालिका लागली तेव्हा बागेतली सगळी माणसं ओसरीवर येऊन बसली आणि मालिका संपल्यावर कोयते उचलून परत गेली. आमच्याकडेही असंच चालतं. मैत्रिणीच्या म्हाताऱ्या सासूबाईंना सगळे 'अक्का' म्हणत. त्यांची बोली मला निम्मी कळली, पण ताटात वाढलेलं सगळं कळलं.

जळगाव

जळगावात एकच दिवस राहिलो, आणि तो दिवस वांग्यांनी खाल्ला. आमच्याकडे कृष्णाकाठची वांगी. भरली वांगी म्हणजे जेवणाचा राजा, असं आम्ही मानतो. इथली वांगी हिरवी, लांबट, तळहातात मावणार नाहीत एवढी. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात आणि लाकडी बडगीत हिरवी मिरची आणि लसणाबरोबर ठेचतात. वर कांद्याची पात. ज्या घरी उतरलो होतो तिथल्या बाईंना मी विचारलं, "मसाला कुठला?" त्या म्हणाल्या, "मसाला कशाला? वांगं आहे ना." बरोबर कळण्याची भाकरी होती, ज्वारी आणि उडदाची. मी तीन खाल्ल्या. वन्संनी दोन खाल्ल्या आणि तिसरीकडे बघत राहिल्या.

एरंडोल सोडल्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याला निघालो. एरंडोल मागे पडलं, पारोळा आठ-दहा किलोमीटर राहिलं, आणि पुढचं डावं चाक बसलं. पंक्चर.

मला याचं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर जरा बरंच वाटलं. मी गाडी कडेला घेतली, मागच्या चाकांना दगड लावले, जॅक काढला. तेवढ्यात कापसाने भरलेली एक बैलगाडी येऊन थांबली. गाडीवर नवरा-बायको होते. दोघं खाली उतरून बघायला लागले. मी पदर खोचून नट सोडले, पंक्चर झालेलं चाक काढलं, जादा चाक चढवलं. जुन्या जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात. नट इतरांपेक्षा उलट्या दिशेने आवळावे लागतात. हेही मी त्यांना समजावून सांगितलं.

त्या बाईने विचारलं, "तुमले हाई कोनी शिकाडं?"

कोणी शिकवलं, असा सरळ प्रश्न होता. त्याचं उत्तर मी पाच मिनिटं दिलं. लिलाव, जीप, पहिल्यांदा ती खड्ड्यात कशी घातली, सगळं सांगितलं. हाताने नट फिरवत होते आणि बोलत होते. जॅक उतरवला. वन्संनी पाण्याची बाटली पुढे केली. मी हात धुतले, पाना पिशवीत गुंडाळला, बैलगाडीवाल्यांचा निरोप घेतला आणि निघाले.

जीप चालवणाऱ्या कुणालाही यातली चूक आता दिसली असेल. नट हाताने बसवायचे, जॅक उतरवायचा, आणि चाक जमिनीवर टेकल्यावर पान्याने जोर लावून शेवटचं आवळायचं. ते शेवटचं मी केलंच नव्हतं.

पारोळ्यात स्टँडजवळ पंक्चर काढून घेतलं. पंक्चरवाल्याचं नाव सुपडू. पन्नाशीचा, बारीक माणूस. त्याने ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडा शोधला, ठिगळ चिकटवलं, मन लावून काम केलं. चाक मागे अडकवल्यावर तो पुढच्या चाकाजवळ गेला आणि म्हणाला, "बाई, हे बसवलेलं एकदा पाना मारून बघू का?"

"नको," मी म्हणाले. "मी स्वतः बसवलंय."

तो बाजूला झाला.

मुकटीच्या अलीकडे

पारोळ्यापासून बारा-पंधरा किलोमीटर गेलो असू. वन्सं म्हणाल्या, "शैला, काहीतरी खटखट वाजतंय."

"रस्ता खराब आहे."

"मघाशीही खराबच होता. तेव्हा वाजत नव्हतं."

स्टिअरिंग हातात थरथरत होतं. ते मला जाणवत होतं. समोरून येणारा ट्रक जाऊ द्यावा आणि मग थांबावं, असा विचार मी केला. ट्रक गेला, आणि जीप डावीकडे एकदम खाली बसली. लोखंड डांबरावर घासल्याचा आवाज आला. मी ब्रेक मारला नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि तिला कडेच्या मातीत नेऊन थांबवलं. एवढं मी बरोबर केलं. आणि त्याच वेळी समोरच्या काचेतून मला आमचंच चाक दिसलं. ते आमच्या पुढे रस्त्याने एकटं पळत होतं.

ते बांधावरून उडालं आणि कपाशीच्या शेतात शिरलं. ओळींमधून मोडत, उसळत गेलं. शेतात लिंबाखाली सहा-सात बाया गोल करून जेवायला बसल्या होत्या. त्यांच्या ओरडण्याआधी मला मडकं फुटल्याचा आवाज आला.

मी कशी धावले ते आठवत नाही. पोचले तेव्हा चाक लिंबाच्या बुंध्याला टेकून आडवं पडलं होतं. पाण्याच्या मडक्याच्या खापऱ्या झाल्या होत्या. मडक्याला लागून एक तरुण मुलगी बसली होती, पाच-सहा महिन्यांची गर्भार. तिचं लुगडं ओलं झालं होतं आणि हातात भाकरीचा तुकडा तसाच होता. चाक तिच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावरून गेलं होतं.

वन्सं माझ्या मागून आल्या. त्यांनी मुलीला आडवं केलं, नाडी पाहिली, पोटावर हात ठेवला, काही प्रश्न विचारले. मी नुसती उभी होते.

शेताचे मालक हिलाल आबा बांधावरून आले. सत्तरीचे, डोक्याला रुमाल, चालणं सावकाश. ती मुलगी त्यांची नातसून होती. "कोनले लागनं का?" त्यांनी विचारलं.

"कुणाला लागलं नाही," वन्सं म्हणाल्या. "घाबरलीय फक्त. मूल हलतंय, मी पाहिलं."

आबांनी मान हलवली. मग चाकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "चाक कोनी बसाडं व्हतं?"

सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. ती मुलगी आडवी पडून माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "पारोळ्याला पंक्चर काढलं. स्टँडजवळ."

मी खोटं बोलले असं त्या क्षणी मला वाटलंही नाही. पंक्चर काढलं होतं हे खरंच होतं. पण विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, आणि ते मला ठाऊक होतं. वन्संनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मुलीकडे वळल्या.

आबांचा पुतण्या एकनाथ मोटारसायकल बांधाला लावून उभा होता. तो तिशीचा, पारोळ्याच्या बाजाराला निघालेला. "स्टँडजवळ म्हणजे सुपडू," तो म्हणाला. "आज त्याला बघतोच मी. आमच्या घरातलं माणूस गेलं असतं." त्याने किक मारली. मी त्याला थांबवलं नाही. धुरळा उडाला आणि मोटारसायकल रस्त्याला लागली.

मग कामाला लागलो, आणि कामात माझा जीव जरा थाऱ्यावर आला. बाया आणि मी रस्त्याने मागे जाऊन नट शोधले. मातीत दोन सापडले. मी मागच्या डाव्या चाकाच्या पाचातले दोन काढले. उजवीकडचे चालणार नव्हते, आटे वेगळे. एका बोल्टाचे आटे पार झिजले होते, पण चार बोल्ट धरण्यासारखे होते. मातीत जॅक रुतत होता म्हणून आबांनी फळी आणवली. चार गड्यांनी खांदा दिला, मी चाक चढवलं. जॅक उतरवला. या वेळी पाना घेतला, त्यावर पाय देऊन उभी राहिले आणि एकेक नट आवळला, समोरासमोरचे, आलटून पालटून, नियमाप्रमाणे.

आबा कमरेवर हात ठेवून बघत होते. शेवटचा नट झाल्यावर म्हणाले, "तुमले तं बठ्ठं येस. मंग त्याना हातखाल कसाले दिधं?"

तुम्हाला तर सगळं येतं, मग त्याच्या हातात का दिलंत? त्यांनी मला पकडायला विचारलं नव्हतं. म्हाताऱ्याला खरंच नवल वाटलं होतं.

"दिलं नव्हतं, आबा," मी म्हणाले. "चाक मीच बसवलं होतं. आवळायचं राहिलं. तो बिचारा बघू का म्हणत होता, मीच नको म्हणाले."

ती मुलगी आता उठून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला तिच्या नजरेला नजर देता आली नाही.

आबा रस्त्याकडे बघून म्हणाले, "एकनाथ तं गया."

"मी जाते त्याच्या मागे."

"जेवन करी ल्या आन् मंग जा."

मी जेवणार नव्हते. पण त्या मुलीनेच भाकरी आणि ठेचा हातावर ठेवला. कळण्याचीच भाकरी होती. तिची चव मला सांगता येणार नाही. मी ती उभ्यानेच संपवली. मुलीला म्हणाले, "माझ्यामुळे झालं हे." ती हळूच म्हणाली, "वाचलो ना." आणि पाणी आणायला कुणाला तरी हाक मारू लागली.

पुन्हा पारोळा

जीप वळवली. धुळे एका दिशेला, आम्ही दुसऱ्या.

पाच किलोमीटर गेल्यावर मीच विचारलं, "तुम्ही तिथेच का नाही बोललात, वन्सं?"

"मला वाटलं, तू बोलशील," त्या म्हणाल्या. "मग वाटलं, नाही बोलणार. मग मी बोलायचं ठरवलं, तोवर तो मोटारसायकलवाला गेलाही. माझंही चुकलं." थोडं थांबून म्हणाल्या, "जरा हळू चालव. नट चारच आहेत."

सुपडूच्या दुकानासमोर पाण्याची घमेली उपडी पडली होती आणि रस्त्यावर चिखल झाला होता. तो आत पोत्यावर बसला होता. हातात काही काम नव्हतं. शेजारी त्याची बायको उभी होती. मला पाहून तिने तोंड फिरवलं.

मी सांगितलं. जसं झालं तसं सांगितलं. लिंबाखालची मुलगी, आबांचा प्रश्न, माझं उत्तर. सुपडूने ऐकून घेतलं.

"मी एकनाथभाऊंना म्हटलं, मी चाकाला हातच लावला नाही," तो म्हणाला. "ते म्हणाले, जीपवाल्या बाई खोटं बोलतील का?"

"चुकलं माझं. मला माफ करा."

"तुम्ही परत आल्या, हे बरं केलं." तो उठला नाही. "पण बाई, एकनाथभाऊ मला चारचौघांत बोलले. समोरच्या हॉटेलात सगळे ऐकत होते. मी त्यांच्या पोरीला मारायला निघालो होतो म्हणाले. तुम्ही मला एकट्याला येऊन सांगताय."

त्याचं बरोबर होतं. समोर चहाचं हॉटेल होतं. बाकांवर आठ-दहा माणसं, सगळे पुरुष, आणि एका कोपऱ्यात एकनाथ. मी रस्ता ओलांडला. त्या हॉटेलात बाई माणूस जात नसावं, कारण मी पायरी चढले तसं बोलणं थांबलं. शाळेत साठ मुलींच्या वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात बोलायची मला सवय आहे. तोच आवाज लावला.

"माझ्या जीपचं चाक मी बसवलं होतं," मी म्हणाले. "आवळायला मी विसरले. सुपडूभाऊ तपासून देतो म्हणत होते, मी नको म्हटलं. नंतर घाबरून मी त्यांचं नाव पुढे केलं. त्यांची काही चूक नाही."

गल्ल्यावरचा माणूस कपड्याने बरणी पुसत राहिला. एकनाथचा चेहरा लाल झाला होता.

"ताई," तो म्हणाला, "मी त्याची घमेली लाथेने उडवली."

"हो. पाहिलं मी."

"तुमच्या बोलण्यावर उडवली."

"हो," मी म्हणाले.

तो उठला, अर्धा चहा तसाच ठेवला आणि रस्ता ओलांडून सुपडूकडे गेला. मधे एस.टी. येऊन थांबली, त्यामुळे ते दोघं काय बोलले ते ऐकू आलं नाही. एस.टी. गेली तेव्हा एकनाथ घमेली सरळ करत होता आणि सुपडूची बायको घागरीने त्यात पाणी ओतत होती. सुपडू मात्र अजून पोत्यावरच होता. तो त्या दिवशी माझ्याशी हसून बोलला असं मी लिहिलं तर ते खरं होणार नाही. आम्ही निघालो तेव्हा तो एवढंच म्हणाला, "उजेड आहे तोवर धुळ्याला पोचा. फार जोरात नेऊ नका."

धुळे

दिवस मावळायच्या आत धुळ्यात शिरलो. पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात वन्संच्या ओळखीच्या एका शिक्षकांकडे उतरलो. दुसऱ्या दिवशी आग्रा रोडवरच्या गॅरेजमध्ये झिजलेला बोल्ट बदलला, कमी पडलेले नट घातले. मिस्त्रीने विचारलं, कसं झालं. मी सांगितलं. तो म्हणाला, "होतं असं. माझ्याकडूनही झालंय एकदा." एवढ्या साध्या वाक्याने मला इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं.

मग मात्र धुळं मी डोळे उघडून पाहिलं. सरळ आखलेल्या पेठा, काटकोनात जाणाऱ्या गल्ल्या. गणिताच्या माणसाला आवडावं असं गाव. दुपारी शेवभाजी खाल्ली. आमच्या तांबड्या रश्श्याला मी तिखट समजत होते, ते आता समजणार नाही. वन्संनी डोळे पुसत पुसत दुसरी वाटी मागितली.

दोंडाईचा

सोनगीरपर्यंत हमरस्ता, मग डावीकडे चिमठाण्यावरून. दोंडाईचा जवळ आलं तसा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमिनीचा रंग बदलला. मैदानंच्या मैदानं मिरचीने लाल झाली होती. बाया तोंडाला फडकी बांधून मिरची खालीवर करत होत्या. जीपच्या बंद नसलेल्या बाजूंनी तो वास आत आला आणि आम्ही दोघी शिंकत शिंकत गावात शिरलो.

मामांना सगळे नाना म्हणतात. वय ऐंशीच्या घरात, कान मात्र तीक्ष्ण. मामींनी आमच्यासाठी खापरावर मांडे केले होते. पुरणाची पोळी आम्हीही करतो, पण आमची पोळी पोळपाटावर लाटलेली. मामी मांडा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत परातीएवढा करत होत्या आणि उपड्या खापरावर अलगद टाकत होत्या. मी एक करून बघितला. तो फाटला. मामींनी तो तसाच भाजून माझ्याच ताटात वाढला.

पंगतीला शेजारचे दोघं-तिघंही होते. प्रवास कसा झाला, असं कुणीतरी विचारलं. वन्सं म्हणाल्या, "पारोळ्याच्या पुढे पुढचं चाक निखळलं. देवाने वाचवलं."

नानांनी तुपाची वाटी खाली ठेवली. "पंक्चर काढलं होतं का वाटेत?"

"हो," वन्सं म्हणाल्या, आणि तिथेच थांबल्या.

"मग दुसरं काय होणार," नाना म्हणाले. "या लोकांचं कामात लक्ष नसतं. नीट आवळत नाहीत."

शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. वन्संनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या ताटातलं पुरण चिवडत राहिल्या.

"नाही, नाना," मी म्हणाले. "त्या माणसाने चाकाला हात लावला नव्हता. चाक मी बसवलं होतं."

मामींचा हात खापरावर थांबला. मग नाना म्हणाले, "असं का? मग नीट सांग बघू, पहिल्यापासून."

मी हातातला घास खाली ठेवला आणि एरंडोल सोडल्यापासून सांगायला सुरुवात केली.